आमची वाटचाल : दोन पाट्यांचा गाळा

भांडुपच्या आमच्या गाळ्यावर जून २०१७ पर्यंत दोन पाट्या होत्या. एक वडिलांच्या फर्मची, दुसरी आईच्या नावावरच्या फर्मची. आत शेड एकच. डाव्या अंगाला पत्रा कापणं, वाकवणं, स्पॉट वेल्डिंग. उजव्या अंगाला रंगकाम आणि फिटिंग. कपाटं, लॉकर, ऑफिसची टेबलं हा आमचा माल. कागद चोख असायचे. पण दुसरी पाटी लागली ती धंदा वाढलेला दिसू नये म्हणून, हे आज स्पष्ट लिहायला हवं.

वडील सातारा जिल्ह्यातून मुंबईत आले, एका मोठ्या कारखान्यात पत्राकाम शिकले आणि आणीबाणी उठली त्या वर्षी स्वतःचं काम करायला बाहेर पडले. त्याच वर्षी, डिसेंबर १९७७ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना नवं औद्योगिक धोरण आलं. फक्त लघुउद्योगांनी बनवायच्या वस्तूंची यादी १८० वरून ५०४ वर गेली. १९६७ साली ती ४७ वस्तूंनी सुरू झाली होती, पुढे आठशेच्याही वर पोचली. पत्र्याचं कपाट, खुर्ची, टेबल, रोलिंग शटर, कुलूप ही त्यातलीच. मुंबईच्या कामगार सभांत वडिलांनी जॉर्जना ऐकलं होतं. "आपल्या माणसानं आपल्याला जागा धरून दिली," असं ते अजून म्हणतात. मलाही ते पटतं. एक हातप्रेस आणि उसने पैसे घेऊन निघालेल्या माणसाला मोठ्या कारखान्यांपुढे बाजारात कुणी उभं केलं नसतं.

पत्र्याचे मात्र हाल होते. स्टीलचे भाव आणि वाटप सरकारच्या हातात. अर्ज करायचा, कोट्याची वाट बघायची, आणि कोटा अपुरा पडला की दारूखाना या लोखंडाच्या बाजारात जाऊन चढ्या भावानं मिळेल त्या गेजचा, म्हणजे जाडीचा, पत्रा उचलायचा. एकाच ऑर्डरीतली दोन कपाटं दोन जाडीची निघायची. २४ जुलै १९९१ ला बहुतेक उद्योगांवरचं लायसन्सचं बंधन संपलं, त्याची चर्चा घरोघरी झाली. आमच्या गाळ्यात फरक पडला तो जानेवारी १९९२ मध्ये स्टील मोकळं झालं तेव्हा. वडील कळंबोलीच्या स्टील बाजारातून एकसारख्या २२ गेजच्या पत्र्याचा टेम्पो भरून आले, तो दिवस मला नीट आठवतो.

इथून पुढचं सांगताना मला त्रास होतो. लघुउद्योग म्हणून राहायचं तर यंत्रांतली गुंतवणूक ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी. १९९१ ला ती ६० लाख होती, १९९७ ला ३ कोटी झाली आणि १९९९ च्या अखेरीस पुन्हा १ कोटीवर आली. पुढे गोरेगावच्या प्रदर्शनात मी सीएनसी टरेट पंच, म्हणजे संगणकावर चालणारं पत्र्याला भोकं पाडायचं मशीन, पाहिला. आमचे चार कारागीर दिवसभर जी भोकं पाडत, ती तासाभरात. पण ते मशीन घेतलं की आमची गुंतवणूक मर्यादेबाहेर, आणि मर्यादेबाहेर गेलं की आरक्षित माल बनवायला निम्मी निर्यात करण्याची अट. मशीन घेतलं नाही. त्याआधीच, १ एप्रिल २००१ ला, उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातनिर्बंध उठले होते. मोठ्या देशी कारखान्याला ज्या मालाची मनाई, तोच माल परदेशातून कंटेनर भरून येऊ शकत होता. आमची राखीव जागा बंदराच्या बाजूनं उघडी पडली आणि आमच्या हातात तेच जुने डाय, म्हणजे साचे, होते.

दक्षिण कोरियाबद्दल मी नंतर वाचलं आणि पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. पार्क चुंग-ही यांच्या काळात तिथंही सरकार उद्योगांना हात देत होतं, स्वस्त कर्ज देत होतं. पण मोबदल्यात निर्यातीचं लक्ष्य असायचं, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष दरमहा बैठकीला बसून त्याचा हिशेब घ्यायचे. १९६४ ला त्यांची निर्यात १० कोटी डॉलर होती, १९७७ ला १,००० कोटी. म्हणजे वडिलांनी गाळा टाकला त्याच वर्षी. तिथं कामगारांवर दडपशाही झाली, ती मला नको. पण आम्हाला संरक्षण देताना 'पाच वर्षांत काय सुधारलंत?' हे कुणी विचारलं असतं तर आमचा रंग, आमची बिजागरी, आमचं कुलूप कितीतरी आधी सुधारलं असतं. आम्हाला एकच विचारलं जायचं : तुम्ही अजून लहानच आहात ना?

एक्साइजची, म्हणजे कारखान्यात बनलेल्या मालावरच्या कराची, माफीही तशीच. २००७ पासून दीड कोटीच्या उलाढालीपर्यंत माफी. फेब्रुवारी आला की आई वही घेऊन बसायची आणि मार्चमधल्या ऑर्डरी एप्रिलवर ढकलल्या जायच्या. काही गिऱ्हाइकं थांबली, काही गेली.

२००६ च्या कायद्यानं लघुउद्योगाची मर्यादा ५ कोटी केली, तेव्हा आम्ही जुना टरेट पंच आणि पावडर कोटिंगची भट्टी घेतली. एप्रिल २०१५ मध्ये यादीतल्या शेवटच्या २० वस्तू मोकळ्या झाल्या, त्यात कपाट होतं. तोवर आम्ही सावरलो होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, एक्साइज आणि तिची माफी गेली, मुलुंडचा जकात नाका गेला, आणि आम्ही दुसरी पाटी उतरवली. २०२० साली लघुउद्योगाची व्याख्या उलाढालीशीही जोडली गेली आणि १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची मर्यादा १०० कोटींच्या उलाढालीपर्यंत गेली. आमच्या डोक्यावर आता कसलं छत नाही. ४५ दिवसांत पैसे देण्याचा नियम कायद्यात आहे, तरी एका मोठ्या गिऱ्हाइकानं आम्हाला सात महिने ताटकळवलं. मदतीच्या योजनांपेक्षा मला ही वसुली महत्त्वाची वाटते.

गेल्या मार्चमध्ये ठाण्याच्या एका शाळेची १४० लॉकरची ऑर्डर आली. वडील हल्ली घरीच असतात, पण संध्याकाळी फोन करतात.

"एप्रिलवर ढकललीस ना?"

"नाही अण्णा, पत्रा कापायला घेतलाय."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गेज बघून घे."