केळफुलावरचं वाघूळ

आज दिवेलागणीनंतर अर्धापूरला मामांच्या केळीच्या बागेत थांबलो होतो. एका केळफुलाचं जांभळं पान नुकतंच उचललं होतं, आत पिवळट फुलांची रांग. एक वाघूळ थेट त्यालाच येऊन लटकलं, तोंड आत खुपसलं आणि क्षणात पसार. टॉर्चच्या उजेडात पंखाच्या कातडीतून बोटांची हाडं दिसली. किती देखणं!

मामा म्हणाले, "फळं खाणारं हे, फुलात काय करायलंय?"

मकरंद पितंय, मामा. आपलं आखूड नाकाचं फळवाघूळ दोन्ही खातं. पण थायलंडपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा एक चिमुकला भाऊबंद आहे, मॅक्रोग्लॉसस मिनिमस. वजन साधारण १५ ग्रॅम, तोंड निमुळतं, लांब जीभ टोकाला ब्रशसारखी. तो मुख्यतः मकरंद-परागावरच जगतो, आणि रानकेळीचं परागीभवन करतो. आपल्या बागेतल्या बिनबियांच्या केळीला त्याची गरज नाही, घड तसाच धरतो.

मामा बागेला जाळी लावणार होते. बारीक जाळीत वाघळं अडकून तडफडून मरतात, म्हणून हात जोडून नको म्हणालो. घड तर आपण हिरवेच उतरवतो. मामांना पटलं, जाळीचा बेत रद्द!