आमची वाटचाल : नोंदी दिल्या नाहीत

आमची लाइफ कोचिंगची, म्हणजे प्रश्न विचारत माणसाला स्वतःची ध्येयं ठरवायला आणि गाठायला मदत करणारी, संस्था छोटीच आहे, पण ताठ उभी आहे. सेशनमधलं बोलणं सेशनमध्येच राहतं, असं या व्यवसायात सगळेच सांगतात. आम्ही त्यापायी बंद पडायच्या टोकाला गेलो होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

सुरुवात मी आणि माझ्या भागीदारीणबाईंनी केली. मी एचआरमधून आलेलो, त्यांचं शिक्षण समुपदेशनाचं. पहिल्याच कॉलवर कोणी म्हणालं, ‘झोप लागत नाही, जगावंसंच वाटत नाही,’ की त्या ध्येयं विचारत बसायच्या नाहीत. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून द्यायच्या. ही पारख प्रत्येक नव्या कोचने आधी शिकावी, वेबसाइट नंतर करावी.

साधनं साधीच. जीवनचक्राचा कागद : वर्तुळाचे आठ भाग, प्रत्येक भाग आयुष्याच्या एका बाजूचा, मध्याशी शून्य, कडेला दहा. गुण क्लायंटने स्वतः द्यायचे, कोचने पेन्सिलीला हात लावायचा नाही. दुसरं साधन ‘ग्रो’, म्हणजे संभाषणाचे चार टप्पे : ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार. नवे कोच ‘मग काय करणार?’ या चौथ्याकडे धावतात. खरं काम दुसऱ्यावर, आज नेमकं काय चाललंय यावर होतं.

आमच्या एक क्लायंट अगदी पहिल्यापासून आमच्याकडे आहेत. त्यांना विचारूनच हे लिहितोय. पहिल्या सेशनला त्यांनी कामाला नऊ दिले, घराला सात, आणि ‘स्वतःसाठी वेळ’वर पेन्सिल टेकवून बसून राहिल्या. आम्हीही गप्प राहिलो. शेवटी म्हणाल्या, ‘इथे शून्यसुद्धा लिहवत नाही हो.’ तो भाग कोराच राहिला, आणि पुढची सगळी सेशन्स त्या कोऱ्या जागेवर झाली.

मग एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. मॅनेजरांचं कोचिंग, पैसे कंपनीचे. कंपनी, मॅनेजर आणि आम्ही अशा त्रिपक्षीय करारात स्पष्ट लिहिलं होतं : कंपनीला हजेरी आणि तिघांनी मिळून ठरवलेली उद्दिष्टं कळतील, बाकी काही नाही. काही महिन्यांनी एचआर प्रमुखांनी विचारलं, नोकरी सोडायच्या विचारात कोण आहे? साहेबांबद्दल कोण काय बोलतं? ‘पैसे आम्ही मोजतो, मग नोंदी आम्हाला नकोत?’ आम्ही करारातलं कलम पुढे ठेवलं. महिनाअखेर काम बंद झाल्याचं पत्र आलं.

आमचं बहुतेक उत्पन्न तिथूनच होतं. ऑफिसची जागा सोडली. भागीदारीणबाईंनी नोकरी धरली. सेशन्स संध्याकाळी घ्यायच्या. आणि आमची जागा घेतली कोणी, तर शनिवार-रविवारच्या शिबिरातून ‘प्रमाणित’ होऊन आलेल्या एका गृहस्थांनी. ते दर महिन्याला माणसागणिक अहवाल देतात, असं तिथल्याच मॅनेजरांनी आम्हाला सांगितलं. बहुतेक देशांत कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, त्यामुळे त्यांना अडवणार कोण? आमच्या जिवाला ते आजही लागतं.

त्या दिवसांत त्या पहिल्या क्लायंटबाईंनी वर्षभराची फी आगाऊ भरली आणि ओळखीतली माणसं पाठवत राहिल्या. तेवढ्यावर तग धरला. नंतरची वर्षं नीट गेली.

नव्यांनी एक ऐकावं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही कोचना प्रमाणपत्र देणारी संस्था १९९५ पासून आहे. तिच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीला, एसीसीला (असोसिएट सर्टिफाइड कोच), कोचिंगचे १०० तास लागतात आणि त्यातले ७५ मोबदला घेऊन केलेले लागतात. तेव्हा ‘आधी सगळं फुकट करतो’ म्हणू नका. फी थोडी घ्या, पण घ्या. तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि त्यात नाव लिहिण्याआधी क्लायंटला विचारा. कंपनीचं काम घेताना गोपनीयतेचं कलम सही करणाऱ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा.

त्या कंपनीकडे आमचं शेवटचं बिल अजून अडकलेलं आहे. झालेल्या सेशन्सचे पैसे आहेत ते, आणि आम्ही ते सोडलेले नाहीत.