वहीतला मोर

माझं काम जुने कागद दुरुस्त करण्याचं. एकदा जळगाव जिल्ह्यातल्या एका बाजारगावी, तीन पिढ्यांच्या कापडदुकानात बोलावणं आलं. माळ्यावर लाल कापडाच्या बांधणीची वही सापडली होती, शके १८४९ ची, म्हणजे १९२७ सालातली. कसरीने कडा खाल्लेल्या, मजकूर मोडीत, आणि पानोपानी रंगीत तिकिटं डकवलेली. मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर अशी तिकिटं असत. मोर, वाघ, मुरलीधर. भिंगाखाली धरलं की शिळाछापातले रंगांचे बारीक ठिपके सुटे दिसतात आणि सोनेरी कड अजून चमकते.

पंच्याऐंशीच्या घरातले आजोबा म्हणाले, "ताई, हिशेब कोण वाचतंय आता? चित्रं तेवढी काढून द्या, फ्रेम करून दुकानात लावू."

मला ते पटलं होतं, हे कबूल करते. कडेला ओला कापूस टेकवून पाहिला. तिकिटाच्या रंगाला काही झालं नाही, पण शेजारच्या अक्षराची काजळीची शाई कापसाला लागली. हात आखडला. खळ भिजवायची तर अक्षरं जाणार. निदान काय पुसलं जाणार ते तरी कळावं, म्हणून मोडी वाचणाऱ्या मैत्रिणीला पानांचे फोटो पाठवले.

अर्ध्या तासाने तिचा फोन आला. "अगं, प्रत्येक तिकिटाशेजारी त्याचंच नाव आहे. मोर. खाली किती तागे आले, किती गेले, उधारी कुणाकडे. पुढे रोजकीर्दीतही 'मोर १ तागा' एवढंच."

म्हणजे चित्र हेच मालाचं नाव! ताग्याची लांबी वारांत कापडावर छापलीच पाहिजे असा १८८९ चा कायदा होता, पण आकडाच वाचता येत नसेल त्याला त्याचं काय? आजोबांना आठवलं, सातपुड्याच्या पाड्यांवरून बाजाराला आलेली माणसं कंपनीचं नाव कधी घेत नसत. "वाघाचं द्या, मागच्या साली नेलं होतं तेच." दुसरं तिकीट दिसलं की कापड तेच असलं तरी परत. (मांजरपाट नावाच्या साध्या सुती कापडावर मांजर मात्र मला एकदाही सापडलं नाही.) इथलाच कापूस आगगाडीने मुंबईला आणि तिथून बोटीने परदेशी जायचा. त्यातला थोडा मोर लावून याच बाजारात परतलाही असेल.

तिकिटं काढली नाहीत. कसरीने खाल्लेल्या कडांना जपानी कागदाचे जोड दिले, फ्रेमसाठी फोटो काढून दिले. आजोबा जरा हिरमुसले, पण मोडीचं वाचन पुन्हा पुन्हा ऐकत राहिले.

एका पानावर नुसताच चौकोनी डाग होता आणि शेजारी 'हत्ती'.

"मीच काढलं असणार," ते म्हणाले. "वडिलांचा मार आठवतोय. हत्ती काही आठवत नाही."