साठ आणि आठ

‘मौनीबाबा’ हे नाव मी ठेवलेलं नाही. सात वर्षांपूर्वी वाळूजच्या या कारखान्यात मी एचआरला लागले, त्याच्या आधीपासून ते चालत आलेलं होतं. ज्यांचं ते नाव, त्या आमच्या तपासणीवरच्या कामगाराला मी मामा म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेला कुठलाही कामगार आमच्या शॉपवर मामाच असतो. मी दिलेलं नाव वेगळं होतं आणि ते कॅन्टीनमधल्या गप्पांत नाही, फाइलवर लिहिलेलं होतं: ‘अंतर्मुख, संवेदनप्रधान’. खाली माझी सही आहे, तारीख आहे.

आमच्याकडे दुचाकीचे प्रेस पार्ट निघतात. ब्रॅकेट, क्लॅम्प, स्टे, असलं सगळं. गाडी घेताना ज्याच्याकडं कुणी बघत नाही ते. मामा १९९८ साली हेल्पर म्हणून लागले, सोळा वर्षं प्रेसवर काढली, मग तपासणीला आले. त्यांच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. डायची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याची, धार जायला लागली की पार्टच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, येते, केसाएवढी. डिप्लोमा झालेली पोरं व्हर्निअर लावतात, गेज घालतात, ट्यूबलाइटखाली धरून बघतात. मामा पार्ट उचलणार, अंगठ्याचं नख कडेवरून एकदा फिरवणार आणि लाल बिनमध्ये टाकणार. एकदा टूलरूमच्या इंजिनिअरनं हट्टानं तोच पार्ट गेजमध्ये घालून दाखवला, पास झाला. दुपारपर्यंत त्याच डायचा कोपरा उडालेला निघाला. इंजिनिअर नंतर आठ दिवस तपासणीच्या टेबलाकडं फिरकला नाही.

आणखी एक सवय होती. प्रेस चालू असताना मामा जाता जाता त्याच्या खांबावर तळहात टेकवायचे. दोन-तीन ठोके जाऊ द्यायचे आणि ऑपरेटरला म्हणायचे, ‘थांबव. डाय बघ.’ मला ते बघायला फार आवडायचं. बाहेरून कुणी पाहुणे आले की मी मुद्दाम दाखवायचे.

आता तक्रारी. हाक मारली तर वळत नाहीत. ‘हो हो’ म्हणतात आणि भलतंच करून ठेवतात. कुठलीही सूचना लेखी मागतात. खिशात शंभर पानी वही असते, तिच्यात सुपरवायझरनं लिहायचं, सही करायची, तेव्हा लॉट हलणार. दोघं जण हसत उभे दिसले की ‘माझ्यावर हसायलेत’ म्हणून अंगावर जातात. आणि माझ्याशी तर बोलणंच नाही. मी काही विचारावं, त्यांनी माझ्या तोंडाकडं टक लावून बघावं, मान हलवावी आणि चालू लागावं. बाई साहेब म्हणून खुर्चीत बसलेली यांना चालत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पाचेक वर्षांपूर्वी पुण्याहून एक कन्सल्टंट आल्या. दोन दिवस हॉटेलात कार्यशाळा, जेवायला बुफे, शेवटी प्रश्नावली आणि प्रत्येकाला चार अक्षरांचा कोड. म्हणजे फक्त स्टाफला. कामगारांना कोड नसतो, टोकन नंबर असतो. ती सोळा प्रकारांची पद्धत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या आधारानं बसवलेली, एवढं तिथं कळलं. मी परभणीची, एमएसडब्ल्यू केलेली. आयतं मिळालेलं ज्ञान मला पचत नाही. मूळ युंग वाचायला घेतला. हळूहळू, रविवारी, पेन्सिल घेऊन.

आणि खरं सांगते, माणूस भारून जातो. त्याचं ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ हे पुस्तक १९२१ सालचं. फ्रॉइड आणि अॅडलर हे मनाचे दोन डॉक्टर एकाच दुखण्याकडं बघून दोन टोकांची उत्तरं कशी देतात, हा प्रश्न युंगला छळत होता. त्यातून त्यानं आधी मनाच्या दोन दिशा मांडल्या, बाहेर वाहणारी आणि आत वळणारी. मग चार कामं: विचार, भावना, संवेदन, अंतःप्रज्ञा. ज्या कामात माणूस तरबेज, त्याच्या समोरचं काम कच्चं राहतं, नेणिवेत पडून असतं आणि अडचणीच्या वेळी ओबडधोबड रूपात वर येतं. अंतर्मुख संवेदनप्रधान माणूस वरून शांत, थंड, ताब्यात असलेला दिसतो. वस्तूपेक्षा तिचा आत उमटलेला ठसा त्याला जास्त खरा. त्याची कच्ची बाजू म्हणजे अंतःप्रज्ञा, आणि ती बिघडली की त्याला प्रत्येक गोष्टीमागं काहीतरी काळंबेरं, धोक्याचं, घाण दिसायला लागतं. त्या ओळीशेजारी समासात मी ‘मामा!!’ असं लिहिलंय. दोन उद्गारचिन्हं.

याचा फायदा झाला नाही असं म्हणणार नाही. दोन वर्षं मी या नावाच्या जोरावर मामांची बाजू घेतली. सुपरवायझर लोकांना सांगितलं, त्यांचा स्वभावच तसा आहे, मुद्दाम करत नाहीत, वहीत लिहून द्या ना, तुमचं काय जातंय? भांडणं कमी झाली. मला वाटलं, माणूस कळला.

मग चाकणहून नवे क्वालिटी मॅनेजर आले. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात माल भरायला गाडी उभी, एक लॉट लाल टॅग लावून अडकलेला. मॅनेजर मामांच्या मागं उभे राहून तीनदा म्हणाले, लॉट सोडा, डेव्हिएशनवर, म्हणजे सूट देण्याच्या कागदावर, मी सही करतो. मामांनी मान वर केली नाही. टॅगची दोरी घट्ट केली आणि पाठ फिरवून निघून गेले. आरोपपत्र निघालं: वरिष्ठांच्या आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा. मामांचा खुलासा एका ओळीचा: ‘मला कोणीही काहीही म्हणाले नाही.’ दहा माणसं साक्षीला असताना. मॅनेजर म्हणाले, एवढं धडधडीत खोटं मी नोकरीत पाहिलं नाही. तुम्ही यांच्या स्वभावावर एक नोट द्या. मी पानभर दिली.

चौकशी प्रेस शॉपवरच्या माळ्यावर, ट्रेनिंग हॉलमध्ये. चौकशी अधिकारी म्हणून शहरातले एक ज्येष्ठ वकील. कंपनीकडून मी, मामांकडून युनियनचे सेक्रेटरी. ज्यांनी खात्यांतर्गत चौकशी पाहिलेली नाही त्यांना सांगते, ही फार कंटाळवाणी गोष्ट असते. प्रश्न, उत्तर, टायपिंग, आणि शेवटी रोजनाम्याच्या, म्हणजे कामकाजाच्या नोंदीच्या, प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या. त्या दिवशी सेक्रेटरींनी रंगत आणली. माझी नोट मोठ्यानं वाचली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘म्याडम, हे अंतर्मुख संवेदनप्रधान म्हणजे आजार आहे का? आजार असंल तर मेडिकल रजा द्या. नसंल तर फाइलीत काहून घातलं?’

हॉल हसला. मी पाच मिनिटं युंग समजावून सांगितला. रोजनाम्यात ‘श्री. युंग यांच्या म्हणण्यानुसार’ असं आहे. टायपिस्टला ते आमच्या हेड ऑफिसचे कुणी वाटले असावेत. मामा माझ्या तोंडाकडं बघत बसले होते.

वकिलांनी खाली मान घालून, कागद बघत विचारायला सुरुवात केली. ‘त्या लॉटमधले साठ पीस तुम्ही तपासले होते?’

‘आठ नाही साहेब. पूर्ण लॉट.’

‘मॅनेजरसाहेबांकडं पाठ फिरवली, हे खरं?’

‘साठ बी नाही. पूर्ण म्हणलं ना.’

वकिलांनी पेन खाली ठेवला. चौकशीची थट्टा चाललीय का, असं ते सेक्रेटरींना म्हणाले. पुढचे पाच-सहा प्रश्न असेच गेले.

अकरा चाळीसला लाइट गेली. खालचे प्रेस एकेक करून थांबले, फ्लायव्हील घरंगळत राहिले, मग तेही थांबले. हॉल जनरेटरवर नाही, पंखा बंद. वकिलांनी वैतागून खुर्ची खिडकीजवळ ओढली, मामांनाही समोर ओढायला लावली आणि म्हणाले, चला, उरकू. सात प्रश्न झाले. मामांनी सातही उत्तरं सरळ दिली. तारीख, शिफ्ट, टॅगचा नंबर, कुठल्या बाजूला बर होती ते. मग लाइट आली, खाली धडधड सुरू झाली, आणि मामा परत म्हणाले, ‘काय?’

मला तेव्हाही कळलं नाही. ताणाखाली त्यांची कच्ची बाजू वर येते आणि ताण उतरला की जाते, असं मी शेजारच्या सहकाऱ्याच्या कानात सांगितलं. कानात!

संध्याकाळी सह्या करायला रोजनामा पुढं आला. लॅपटॉपवर टायपिंग चालू राहिलं होतं आणि टायपिस्टनं इमानदारीनं मध्ये एक ओळ घातली होती: ‘११.४० वीजपुरवठा खंडित, कामकाज सुरू.’ त्या ओळीच्या वर एक माणूस बोलत होता, खाली दुसराच. मी ते पान चार वेळा वाचलं. मग कॅन्टीनला गेले. चहा देणाऱ्या पोराला विचारलं, मामांना ऐकायला कमी येतं का रे? तो म्हणाला, ‘मामाला म्होरून बोलावं लागतंय. आधी दंडाला हात लावायचा.’ तुला कसं माहीत, तर म्हणे, ‘सगळ्यान्ला म्हाईत आहे.’ त्या सगळ्यांत स्टाफ धरलेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरी आणि मी त्यांना घाटीत, म्हणजे शहरातल्या सरकारी दवाखान्यात, घेऊन गेलो. कानाचा आलेख डॉक्टरांनी समोर धरला. डावीकडं रेघ बरी चालते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास आडात पडावी तशी पडते. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की आतल्या कानातल्या बारीक पेशी मरतात, आणि आधी वरच्या पट्टीच्या. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. स, श, फ असली बारीक व्यंजनं हरवतात. साठमधला स गेला की आठ उरतो. बाईचा आवाज आणखी वर, म्हणून आणखी अवघड. भोवती गोंगाट असला तर संपलंच. आणि चार लोकांच्या बोलण्यातलं स्वतःचं नाव आणि हसणं तेवढं कानावर आलं, मधलं काहीच नाही, तर कुणालाही काळंबेरं दिसेल. त्याला नेणिवेत जायची गरज नाही.

प्रेसच्या खांबावरचा हात? जुन्या ऑपरेटरांना आता विचारलं. पूर्वी मामा शॉपच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून नुसत्या आवाजावरून डाय ओळखायचे म्हणे. हात नंतर आला. मी पाहुण्यांना दाखवत होते ते हेच.

आमच्याकडं दरवर्षी कामगारांची आरोग्य तपासणी होते, ऑडिओमेट्रीसकट, म्हणजे कानाच्या चाचणीसकट. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे हे मला तोंडपाठ आहे, इअरप्लगची खोकी ऑडिटच्या आधी वाटली जातात हेही, कारण त्या पावतीवर माझीच सही असते. तपासणीची गाडी कॉम्प्रेसरच्या शेडजवळ उभी राहते आणि सकाळभरात साठ माणसं उरकतात. मामांचा रिपोर्ट दरवर्षी नॉर्मल. घाटीतून परत येताना त्यांनी त्याची मेख सांगितली, जरा अभिमानानंच. ‘ती पोरगी बटन दाबायची ना ताई, तवा तिचा खांदा हालायचा. खांदा हालला की आपण दाबायचं.’ पण सांगितलं का नाही? ‘सांगून काय, वॉचमन केलं असतं.’

आरोपपत्र मागं घेतलं, पण काहीतरी द्यायचं म्हणून समजपत्र दिलंच. प्लँट हेड मला म्हणाले, तो कानाचा कागद फाइलला लावू नका. आवाजानं आलेला बहिरेपणा तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या, म्हणजे १९४८ च्या कायद्याच्या, तिसऱ्या अनुसूचीत होता, म्हणजे कळवायलाच हवेत अशा आजारांच्या यादीत. फॅक्टरी इन्स्पेक्टरला नोटीस जायला हवी होती. फॉर्म मी भरलाय. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

युंगवर राग धरण्यात अर्थ नाही. माणसाला बघताक्षणी चिठ्ठी चिकटवणं हा पोरखेळ आहे, असं त्यानं स्वतःच १९३४ सालच्या एका प्रस्तावनेत बजावलंय. ते मी वाचलं होतं. तिथं पेन्सिलीची खूण नाही. कार्यशाळेत माझा कोड निघाला होता अंतःप्रज्ञेचा. त्याच्या हिशेबानं माझी कच्ची बाजू संवेदन, म्हणजे डोळ्यांसमोर नि कानांसमोर जे आहे ते. हे मी घरी फार शोध लागल्यासारखं सांगितलं, तर नवरा म्हणाला, ‘म्हणजे परत कोडच.’

मामांना कानाचं मशीन मिळालं. शॉपवर ते काढून खिशात ठेवतात, ठोके डोक्यात जातात म्हणून. घरी लावतात. त्यांच्या बायकोला मी म्हटलं, आता बोलतात का? ती म्हणाली, ‘लग्नात बी बोलले नव्हते.’

वही मात्र सुटली नाही. एकदा समोर उभी राहून, नीट, विचारलं, मामा, आता ऐकू येतं, मग लिहून कशाला घेता? दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जुनी वही आणली. पहिलं पान, १९९८. सूचना, सुपरवायझरची सही, तारीख. कान तेव्हा कसे होते, विचारलं.

‘लई तिखट होते.’

मग?

‘कान तेच होते, ताई. साहेब बदलायचे.’

वही परत पिशवीत घालता घालता त्यांनी विचारलं, तो कानाचा फॉर्म गेला का? मी म्हटलं, पाठवते, या आठवड्यात नक्की. त्यांनी खिशातली नवी वही काढली, कोरं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. पेनाचं टोपण आधीच काढलेलं होतं.