गालावरचे तीन चौकोन

तीन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीच्या आधी, माझ्या डाव्या गालावर एकाखाली एक असे तीन तपकिरी लांबट चौकोन उमटले. त्यांच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या. वांग घालवण्यासाठी मी एका सौंदर्यकेंद्रात ‘फोटोफेशियल’ करून घेतले होते आणि हे चौकोन म्हणजे त्या यंत्राच्या तोंडाचे ठसे होते. पुढे ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे मी गेले, त्यांनी माझे बोलणे पूर्ण होण्याआधी, नुसता आकार पाहून यंत्र ओळखले.

मी सोलापूरची. बावीस वर्षे शाळेत शिकवते आणि शाळेत दुचाकीवरून जाते. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी गालांवर आलेले वांग नंतरही गेले नाही आणि दर उन्हाळ्यात थोडे गडद होत गेले. ‘उन्हाने रापलेल्या त्वचेसाठी प्रकाशोपचार, सहा बैठका’ ही जाहिरात वाचून मी गेले, ती एप्रिल-मेचे ऊन आणि नंतरची ऑक्टोबरची उष्णता अंगावर घेतलेल्या चेहऱ्यानेच. थंड जेल लावले, डोळ्यांवर झाकणे ठेवली आणि रबर ताणून सोडावे तसे चटके बसत गेले. त्या तासाभरात माझ्या त्वचेचा प्रकार कोणता, हा डाग कशाचा आणि मी कोणती औषधे घेते, हे तीन प्रश्न कोणीही विचारले नाहीत.

प्रकाशाशी माझे वैर नाही. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या नील्स फिन्सन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, म्हणजे हे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. आजच्या लेझरमागचा मूळ विचार रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ साली मांडला. ज्या रंगद्रव्याला गाठायचे ते जी तरंगलांबी अधिक शोषते तीच निवडायची आणि झोत इतका क्षणिक ठेवायचा, की उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच काम उरकावे. माझ्या गालावर नेमका हाच विचार मोडला गेला.

त्या यंत्राला आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे तीव्र प्रकाशाचे क्षणिक झोत) म्हणतात आणि ते लेझर नव्हे. लेझरमध्ये एकच तरंगलांबी असते, तर आयपीएलच्या झेनॉन दिव्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा सगळा पट्टा एकदम बाहेर पडतो आणि नको असलेला भाग गाळणीने अडवला जातो. गोऱ्या युरोपीय त्वचेवर उन्हाने पडलेल्या ठिपक्यांसाठी हे साधन खरोखर चांगले आहे, कारण तिथे ठिपका गडद आणि भोवतालची त्वचा फिकी असते, त्यामुळे प्रकाश ठिपक्यातच मुरतो. ठिपका काही दिवस काळवंडतो आणि मग बारीक खपली होऊन गळून पडतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मात्र वरच्या थरात सगळीकडेच मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारे द्रव्य भरलेले असते आणि तरंगलांबी जितकी आखूड, तितके मेलॅनिन प्रकाश अधिक शोषते. डाग कोणता आणि अंगचा रंग कोणता, हे त्या झोताला कळत नाही. उन्हात रापून आलेल्या चेहऱ्यावर तर हा धोका वाढतोच, म्हणून रापलेल्या त्वचेवर आयपीएल टाळतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मला उशिरा समजली, ती म्हणजे वांग हा साचलेला डाग नाही. तिथल्या रंगपेशी अतिकार्यक्षम झालेल्या असतात. आनुवंशिकता, गर्भारपण किंवा गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरके आणि ऊन ही त्यामागची कारणे. अशा पेशींना उष्णतेने डिवचले, तर त्या आणखी रंग तयार करतात. माझ्या चौकोनांचा तपकिरी रंग भाजल्यानंतरच्या दाहातून आलेला होता.

डॉक्टर बाईंनी चार महिने प्रकाशाचे नावही काढले नाही. त्यांनी मलमे दिली आणि लोहाचे ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दिले, कारण आपल्यासारख्या त्वचेवर अतिनील किरणांप्रमाणेच डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग गडद करतो आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे सनस्क्रीन लागते, हे ऐकून मी आजवर काय लावत होते याचीच मला खंत वाटली. शाळेतली माझी जागा खिडकीशी आहे आणि काचेतून यूव्हीए या प्रकारची अतिनील किरणे आत येतात, म्हणून मधल्या सुट्टीत ते पुन्हा लावणे हे आता माझे नित्याचे काम आहे.

त्यानंतर १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर वापरला. ही तरंगलांबी मेलॅनिन कमी शोषते आणि खोलवर जाते, म्हणून सावळ्या त्वचेसाठी ती तुलनेने सुरक्षित मानतात. तरीही आधी जबड्याच्या कडेला एका छोट्या जागेवर चाचणी घेतली आणि काही आठवडे वाट पाहिली. वांग पुन्हा उमटू शकते आणि बैठकांचा अतिरेक झाला तर पांढरे ठिपकेही पडतात, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले. मी पाच बैठकांवर थांबले. चौकोन जायला आठ महिने लागले. वांग फिके झाले आहे, गेलेले नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या एका सहकारी शिक्षिकेने अशाच सहा बैठकांचे माहितीपत्रक मला दाखवले. तिच्या कपाळावरचा डाग वांगच आहे की आणखी काही, हे अजून कोणत्याही डॉक्टरांनी पाहिलेले नाही. मी तिच्या वहीत लिहून दिले, की निदान कोणी केले, यंत्र आयपीएल आहे की लेझर, तरंगलांबी कोणती, आधी चाचणी घेणार का आणि भाजले तर उपचार कोण करणार, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नकोस. शनिवारी ती त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणार आहे आणि मी तिच्यासोबत जाणार आहे.