तुम्ही विचारलंत म्हणून: शनीच्या चंद्रावर थोरल्या भावाचे कर्ज कशाला?

रत्नागिरीतल्या आमच्या टेबलावर नवा खेळाडू आला की दोन-तीन सेशननंतर, म्हणजे खेळाच्या बैठकींनंतर, तो एक प्रश्न हमखास विचारतो, आणि बाहेरगावी भेटणारे गेम मास्टर, म्हणजे माझ्यासारखे खेळ चालवणारेही, तोच विचारतात. टेबलटॉप रोलप्लेइंगसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राच्या भूमिकेतून आणि फाशांच्या मदतीने खेळायच्या गोष्टीसाठी, विज्ञानकथेचे साहस रचताना सारे अवकाश हाताशी असते. मग तुमच्या कथानकात ग्रह वाचवण्याऐवजी थोरल्या भावाचे कर्ज, सामायिक घर आणि थकलेले हप्ते एवढेच का असते? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रह धोक्यात आहे असे सांगितले की खेळाडू क्षणात "वाचवू या" म्हणतात आणि फासे उचलतात. त्यात निवड करण्यासारखे काही नसते. शिवाय त्या ग्रहावरची कोट्यवधी माणसे मी एका वाक्यात जन्माला घातलेली असतात, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे ती वाचली काय आणि गेली काय, चहा गारही होत नाही. उलट भावाने ज्यासाठी घर तारण ठेवले तो हप्ता बुडवायचा की आपल्याच बोटीच्या दुरुस्तीचे पैसे त्यात घालायचे, असा पेच आला की तासभर कोणी फाशांना हात लावत नाही.

हा काही माझा शोध नव्हे. १९७७ साली अमेरिकेत निघालेल्या 'ट्रॅव्हलर' या विज्ञानकथेच्या खेळात हे नियमांतच होते. अवकाशयान कर्जावर घ्यायचे, किमतीचा पाचवा हिस्सा आधी भरायचा आणि मग किमतीच्या २४० व्या भागाचा हप्ता ४८० महिने, म्हणजे चाळीस वर्षे फेडत राहायचे. त्या विश्वात बातमी यानापेक्षा जलद जात नाही आणि एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याकडच्या उडीला साधारण आठवडा लागतो. कर्ज आणि अंतर या दोनच गोष्टींवर तो खेळ इतकी वर्षे उभा आहे, असे माझे मत आहे. ट्रॉलरचे कर्ज आणि मुंबईच्या चाकरमान्याची वाट या दोन्ही गोष्टी घरात पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र वैयक्तिक म्हणजे नायकाच्या बहिणीला चाच्यांनी पळवून नेणे नव्हे. ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे, आणि एकदा ती वापरली की पुढच्या कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या नव्या कथेला, सगळे खेळाडू अनाथ पात्रे घेऊन येतात. मी पात्राचा पूर्वेतिहास मागत नाही. खेळाडूला एवढेच विचारतो की तुझ्या पात्राने कोणाचे देणे ठेवले आहे जे समोरचा माणूस मागत नाही, कोणाची वस्तू तो आपली म्हणून वापरतो आहे, आणि कोणती गोष्ट त्याने सोबत्यांना सांगितलेली नाही. यातून जे येते ते मी बनवलेले नसते, म्हणून त्याला धक्का लागला तर खेळाडूलाच लागतो.

उदाहरण आमच्या सध्याच्या खेळाचे देतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत आमचे टेबल भरते, आणि बसणाऱ्यांत एक बोटमालकाचा मुलगा आहे. खेळ घडतो टायटनवर. शनीच्या या चंद्रावर मिथेन आणि इथेनचे खरेखुरे समुद्र आहेत, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढे, हवेचा दाब दीडपट आणि थंडी उणे १७९ अंशांची. किनारा, बंदर, खलाशी आणि तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, तिथे आपोआप बसतात. या मुलाने आपल्या पात्रासाठी, म्हणजे एका तांडेलासाठी, लिहून दिले की बोट दोघा भावांच्या नावावर आहे, थोरला पृथ्वीवर जैतापूरच्या खाडीकाठी राहतो आणि त्याने राहते घर तारण ठेवले आहे. त्या घराच्या सातबाऱ्यावर डझनभर नावे आहेत, पण सही एकट्याची. हा शेवटचा तपशील मला सात जन्मांत सुचला नसता.

आता विज्ञानाचे काम सुरू होते. टायटनच्या हवेत मिथेन आहे, तरी बाहेर काहीच पेटत नाही, कारण तिथे मोकळा प्राणवायू नाही. प्राणवायू असतो तो बोटीच्या केबिनमध्ये. तळाच्या सीलमधून समुद्राचे द्रव आत झिरपले तर केबिनच्या उबेत त्याची वाफ होते आणि मग एक ठिणगी पुरते. वासाने सावध व्हावे तर मिथेनला वासच नाही. घरच्या सिलिंडरला येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. तांडेलाने सील बदलायचे पैसे हप्त्यात घातले होते, आणि ही गोष्ट त्याच्या खलाशांना माहीत नव्हती. मी कथानकात फक्त दुसऱ्या एका बोटीची मदतीची हाक घातली, तीही वादळाच्या बाजूने. जायचे तर जुन्या सीलवर जायचे, आणि का जाऊ नये हे सांगायचे तर हप्त्याचे सांगावे लागते. खर्च वजा जाता उरलेल्या पैशात खलाशांचाही वाटा असतो, हे तो मुलगा जन्मापासून पाहत आला आहे. त्यामुळे त्याने ते सांगितले तेव्हा नर्सची नोकरी करणारी आमची खेळाडू, जी त्याच्या बोटीवर इंजिन सांभाळते, खरोखर संतापली.

भावाशी बोलण्याचीही रीत ठरलेली आहे. शनीवरून पृथ्वीवर संदेश पोहोचायला साधारण ७० ते ९० मिनिटे लागतात, आणि उत्तराला तेवढीच. म्हणजे संवाद शक्य नाही, पत्रे शक्य आहेत. म्हणून थोरल्याची भूमिका मी टेबलावर कधीच बोलून करत नाही. त्याचे पत्र हाताने लिहून सेशनच्या ऐन मध्यात, शक्यतो निर्णय घेऊन झाल्यावर, खेळाडूच्या हाती देतो. "सीलचे काम उरकले असेलच" एवढे एक वाक्य त्यात होते. त्या वाक्यावर टेबल जितके गप्प झाले तितके कुठल्याही परग्रही राक्षसावर झालेले मी पाहिलेले नाही.

कथानक पुढे काय वळण घेईल हे मी लिहून ठेवत नाही. दक्षिण कोकणातल्या दशावतारात आख्यान आधी ठरते आणि बोलणे नट रंगमंचावर आयत्या वेळी रचतात. माझी वहीही तेवढीच असते. खेळाडूंनी काहीच केले नाही तर कोणत्या दिवशी काय घडेल, याची एक तारीखवार यादी: वादळ केव्हा, बँकेची नोटीस केव्हा, दुसऱ्या बोटीचा प्राणवायू केव्हा संपणार. खेळाडू हात घालतील तिथे यादी बदलते. बदलली नाही तर खेळ फसला असे समजावे.

आणि एक खबरदारी, जिच्यावर मी तडजोड करत नाही. खऱ्या आयुष्याच्या इतक्या जवळचे विषय घेताना आधी परवानगी हवी. पहिल्या बैठकीतच एकाने सांगितले होते की बोट गेली आणि परत आलीच नाही, अशी गोष्ट नको. किनाऱ्यावरच्या गावात याचे कारण कोणी विचारत नाही. त्यामुळे आमच्या टायटनवर बोटी फुटतात, अडकतात, जप्त होतात, पण त्यांचा पत्ता नेहमी लागतो. टेबलाच्या मध्यभागी एक कार्डही ठेवलेले असते, त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबतो आणि कोणीही खुलासा मागत नाही.

राहिला तो ग्रह. तुम्हाला तो धोक्यात घालायचाच असेल तर जरूर घाला, फक्त पहिल्या सेशनला नको. आधी तिथे कोणाची तरी उधारी होऊ द्या, बंदरावरच्या एखाद्या खानावळवालीशी कोणाचे तरी भांडण होऊ द्या, आणि मग तारीखवार यादीत त्याची ओळ लिहा.