फुटली नाही, वाढवली

आज रिक्षाच्या दांडीवर हात आपटला आणि हिरवी बांगडी फुटली. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, “फुटली म्हणू नये गं, वाढवली म्हण.” नारळ वाढवतात, मंगळसूत्र वाढवतात, निघताना ‘जाते’ऐवजी ‘येते’ म्हणतात. तोंडून अशुभ निघालं तर तेच खरं होईल, ही जुनी समजूत. बांगडी फुटणं तर थेट वैधव्याशी जोडलेलं, म्हणून नेमका उलटा शब्द पुढे केला. किती बायकांची भीती त्या एका ‘वाढवण्यात’ दडलीय!

मग तिने माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. माझी इडापिडा तिच्यावर घ्यायची, असा त्याचा अर्थ. ८४ वर्षांची आहे ती. सगळी बोटं कडाकडा वाजली म्हणून केवढी खूश झाली!